अलोन्झो चर्च : फंक्शनचं नाव काढून घेणारा माणूस

शॉपिंगच्या वेबसाईटवर तुम्ही कार्टमध्ये टाकण्याचं बटण दाबता आणि वर कोपऱ्यातला आकडा एकने वाढतो. त्या बटणामागे एक छोटंसं फंक्शन बसलेलं असतं. गंमत म्हणजे बऱ्याचदा त्या फंक्शनला नावच नसतं. ते एकाच कामासाठी जागच्या जागी लिहिलेलं असतं, आणि तरीही कोणाच्या कार्टमधला कोणता आकडा वाढवायचा हे त्याला बरोबर ठाऊक असतं.

नाव नसलेल्या या फंक्शनला प्रोग्रामर ‘लॅम्डा’ म्हणतात. पायथनमध्ये तर थेट लॅम्डा हाच शब्द टाईप करावा लागतो. हे ग्रीक अक्षर तिथे आलं एका अमेरिकन तर्कशास्त्रज्ञामुळे. त्याने ते कागदावर मांडलं तेव्हा आजच्या अर्थाने कॉम्प्युटर अस्तित्वातच नव्हते. आणि ज्या मोठ्या कामासाठी मांडलं, ते काम तीनच वर्षांत कोसळलं.

त्यांचं नाव अलोन्झो चर्च.

एका डोळ्याचं अंधत्व आणि ट्रॉली

चर्च यांचा जन्म १४ जून १९०३ रोजी वॉशिंग्टन डीसीमध्ये झाला. वडील तिथल्या महापालिका न्यायालयात न्यायाधीश होते. पुढे त्यांची दृष्टी आणि श्रवणशक्ती कमी होत गेली, नोकरी सोडावी लागली आणि कुटुंब व्हर्जिनियात राहायला गेलं. काकांनी आर्थिक हातभार लावला म्हणून अलोन्झो यांना कनेक्टिकटमधल्या चांगल्या शाळेत शिकता आलं. लहानपणी एअरगनच्या अपघातात त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली होती.

शाळेनंतर ते प्रिन्स्टन विद्यापीठात आले. १९२४ साली पदवी आणि १९२७ साली ओस्वाल्ड व्हेब्लन यांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी. याच काळात एकदा रस्ता ओलांडताना, ज्या बाजूचं दिसत नव्हतं त्या बाजूने आलेल्या ट्रॉलीने त्यांना धडक दिली. हॉस्पिटलमध्ये पडून असताना नर्सिंगचं शिक्षण घेणाऱ्या मेरी कुझिन्स्की यांच्याशी ओळख झाली. १९२५ साली दोघांनी लग्न केलं. हा संसार मेरी यांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९७६ पर्यंत टिकला.

पीएचडीनंतर चर्च यांना दोन वर्षांची फेलोशिप मिळाली. पहिलं वर्ष हार्वर्डमध्ये गेलं, दुसरं युरोपात गॉटिंगेन आणि ॲमस्टरडॅममध्ये. गॉटिंगेन हे तेव्हा गणिताचं पंढरपूर होतं आणि तिथले विठोबा होते डेव्हिड हिल्बर्ट. सगळ्या गणिताला एकच भक्कम पाया घालायचा, हा हिल्बर्ट यांचा ध्यास होता. १९२९ साली चर्च प्रिन्स्टनला शिकवायला परतले, तेव्हा तोच ध्यास त्यांच्याही डोक्यात होता.

सुट्या नावांचं दुखणं

पाया घालायचा तर अडचण कुठे होती? चर्च यांना खटकणारी एक गोष्ट वरवर अगदी किरकोळ वाटते.

समजा, कोणी कागदावर लिहिलं : क्ष अधिक य. याचा अर्थ काय? क्ष म्हणजे किती, य म्हणजे किती, हे आजूबाजूला कुठेतरी लिहिलेलं असेल तरच अर्थ लागेल. नुसता तो कागद उचलून दुसरीकडे नेला तर तो निरर्थक. घरी पोहोचलो की फोन करतो, असा निरोप लिहिलेली चिठ्ठी रस्त्यात सापडावी तसं. कोणाचं घर, कोणाचा फोन?

ज्याचा अर्थ बाहेरून आणावा लागतो, अशा चिन्हाला गणितात मुक्त चल म्हणतात. ज्याचा अर्थ त्या वाक्यातच ठरलेला असतो, ते बद्ध चल. चर्च यांना अशी मांडणी हवी होती की प्रत्येक सूत्र स्वतःच्या पायावर उभं राहील, बाहेरच्या शब्दांच्या आधारावर नाही.

त्यासाठी त्यांनी वापरलं लॅम्डा. ‘लॅम्डा क्ष, क्ष अधिक ५’ असं लिहिलं की अर्थ पक्का होतो : जी संख्या द्याल तिला क्ष म्हणा आणि त्यात ५ मिळवून परत द्या. इथे क्ष बांधला गेला. या फंक्शनला नाव देण्याची गरज नाही. त्याची व्याख्या हीच त्याची ओळख.

या भाषेत करण्यासारख्या गोष्टी मोजून दोन-तीन. फंक्शन तयार करा. फंक्शनला काहीतरी द्या, म्हणजे आत जिथे जिथे क्ष आहे तिथे ते बसवा. आणि बांधलेल्या नावाच्या जागी हवं तर दुसरं नाव घ्या, कारण क्षच्या जागी ज्ञ लिहिलं तरी फंक्शन तेच राहतं.

फक्त नाव बदलताना एक पथ्य पाळायचं. ‘लॅम्डा क्ष, क्ष अधिक य’ यात य बाहेरचा आहे. आता क्षचं नाव बदलून य केलं, तर ‘लॅम्डा य, य अधिक य’ होतं आणि बाहेरचा य नकळत आत अडकतो. घरात आधीच एक सोनू असताना पाहुण्यांच्या मुलालाही सोनू म्हणू लागलं की हाकेला भलताच धावून येतो, तसा हा प्रकार. कोणतं नाव कुठे बांधलंय, याची शिस्त चर्च यांनी अत्यंत काटेकोर नियमांत बसवली. १९३२ साली हा शोधनिबंध ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये छापून आला.

लॅम्डा हेच अक्षर का? आधीच्या एका ग्रंथात अक्षराच्या डोक्यावर टोपीसारखी खूण असे, ती सरकत सरकत लॅम्डा झाली, असं एक स्पष्टीकरण आहे. मात्र पुढे चर्च यांच्याकडूनच असंही कळलं की एक अक्षर हवं होतं, हे सापडलं, त्यामागे खास कारण काही नाही.

अक्कलदाढ आणि वजा एक

चर्च यांच्या हाताखाली तेव्हा दोन तरुण विद्यार्थी होते, स्टीफन क्लीनी आणि बार्कली रॉसर. तिघांनी मिळून ही भाषा कितपत ताणली जाते हे पाहायला सुरुवात केली.

या भाषेत फंक्शनशिवाय दुसरं काहीच नाही, संख्यासुद्धा नाहीत. चर्च यांनी त्यावर तोडगा काढला : दोन म्हणजे एखादी कृती दोनदा करणं, तीन म्हणजे तीनदा करणं. बेरीज सोपी झाली, गुणाकारही जमला. पण वजा एक काही केल्या जमेना. तीनदा केलेल्या कृतीतून एकदा केलेली काढून कशी घ्यायची? हे या भाषेत शक्यच नसावं, असं चर्च यांना जवळपास वाटू लागलं होतं.

उत्तर सापडलं क्लीनी यांना, आणि तेही दाताच्या डॉक्टरकडे अक्कलदाढा काढून घेताना. संख्यांच्या जोड्या बनवत पुढे जायचं आणि शेवटी जोडीतली मागची संख्या उचलायची, अशी ती युक्ती होती. वजा एक जमल्यावर एकेक करत बाकीचीही गणितं जमू लागली. यंत्रासारखी पायरीपायरीने करता येण्याजोगी प्रत्येक आकडेमोड या इवल्याशा भाषेत मावते की काय, अशी शंका चर्च यांना येऊ लागली.

विद्यार्थ्यांनीच पाया उखडला

१९३५ साली धक्का बसला. क्लीनी आणि रॉसर यांनी सिद्ध केलं की चर्च यांची मूळ तर्कव्यवस्था स्वतःच्याच विरोधात जाते. तिच्यात काहीही सिद्ध करता येतं, खरंही आणि खोटंही. ज्या पायावर सगळं गणित उभं राहायचं होतं तो पायाच पोकळ निघाला, आणि तो पोकळ असल्याचं दाखवलं स्वतःच्याच विद्यार्थ्यांनी.

चर्च यांनी मग एक महत्त्वाची गोष्ट केली. बिघाड होता तर्काच्या भागात. फंक्शन बांधायची आणि चालवायची जी छोटी यंत्रणा होती, ती शाबूत होती. तो भाग त्यांनी वेगळा काढला आणि पुढे नेला. तोच आजचा लॅम्डा कॅल्क्युलस. ती यंत्रणा खरोखर निर्दोष आहे याचा पुरावा चर्च आणि रॉसर यांनी मिळून दिला, तोही चर्च-रॉसर प्रमेय म्हणून आजवर शिकवला जातो. ज्या विद्यार्थ्याने घर पाडलं, त्यालाच सोबत घेऊन उरलेल्या खोलीची डागडुजी केली, असं म्हणायला हरकत नाही.

त्या खोलीतूनच १९३६ साली मोठं फळ हाती आलं. हिल्बर्ट यांचा प्रश्न होता : तर्कशास्त्रातलं कोणतंही विधान दिलं तर ते सर्वत्र खरं ठरतं की नाही, हे सांगणारी एखादी ठरलेली कृती असू शकते का? चर्च यांनी उत्तर दिलं, नाही. काही प्रश्न असे असतात की त्यांना सोडवणारी यांत्रिक पद्धत असूच शकत नाही.

श्रेय कोणाचं?

काही महिन्यांनी इंग्लंडमधल्या केंब्रिजहून एका तेवीस-चोवीस वर्षांच्या तरुणाने तेच उत्तर स्वतंत्रपणे दिलं. त्याचं नाव ॲलन ट्युरिंग. त्याची वाट वेगळी होती. कागदी पट्टी, तिच्यावर चिन्हं वाचणारं-लिहिणारं एक काल्पनिक यंत्र, आणि ते काय करू शकत नाही याचा पुरावा.

ट्युरिंग त्याच वर्षी प्रिन्स्टनला आले आणि १९३८ साली चर्च यांच्याच मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएचडी केली. लॅम्डाने जे मोजता येतं तेच यंत्राने मोजता येतं आणि उलटही, हे ट्युरिंग यांनी दाखवून दिलं होतं. पण लोकांना पटली ती यंत्राची मांडणी. यांत्रिक आकडेमोड म्हणजे काय याची चर्च यांची व्याख्या खुद्द कुर्ट गोडेल यांना आधी अजिबात पटली नव्हती, ट्युरिंग यांच्या यंत्राने मात्र त्यांची खात्री पटवली.

दुसरा कोणी असता तर मनात अढी धरली असती. चर्च यांनी काय केलं? १९३७ साली त्यांनी ट्युरिंग यांच्या शोधनिबंधाचं परीक्षण लिहिलं आणि त्या परीक्षणातच त्या यंत्राला ‘ट्युरिंग मशीन’ हे नाव दिलं. फंक्शनचं नाव काढून घेणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या यंत्राला नाव दिलं, आणि ते नाव चर्च यांच्या स्वतःच्या नावापेक्षा कितीतरी जास्त गाजलं.

रात्री काम, रंगीत शाई

चर्च यांची ख्याती होती ती शिस्तीची. ते सावकाश आणि आखीव बोलत. बोलणं ऐकताना छापील परिच्छेद वाचल्यासारखं वाटे. तासाआधी फळा इतका स्वच्छ पुसत की विद्यार्थ्यांत त्याचे किस्से रंगत. काम रात्री उशिरापर्यंत चाले आणि हस्तलिखितं वेगवेगळ्या रंगांच्या शाईत असत. विज्ञानकथा वाचायची त्यांना आवड होती.

१९३६ साली सुरू झालेल्या ‘जर्नल ऑफ सिंबॉलिक लॉजिक’चे ते संस्थापकांपैकी एक. त्यातला परीक्षणांचा विभाग त्यांनी १९७९ पर्यंत, म्हणजे चार दशकांहून जास्त काळ सांभाळला. तीसच्या आसपास विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे पीएचडी केली. त्यात ट्युरिंग, क्लीनी आणि रॉसर तर होतेच. ‘बेसिक’ या भाषेच्या दोन जनकांपैकी एक जॉन केमेनी होते. १९७६ सालचा ट्युरिंग पुरस्कार विभागून मिळवणारे मायकेल राबिन आणि डेना स्कॉट हे दोघेही त्यांचेच.

लॅम्डा कॉम्प्युटरमध्ये शिरतो

१९५८ च्या सुमारास एमआयटीमध्ये जॉन मॅकार्थी ‘लिस्प’ ही भाषा बनवत होते. फंक्शनलाच फंक्शन देता यावं, त्यासाठी निनावी फंक्शन लिहिता यावं, म्हणून त्यांनी चर्च यांच्या पुस्तकातून लॅम्डाची खूण उचलली. बाकीचं पुस्तक आपल्याला समजलं नव्हतं, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केलं.

त्याची किंमत लवकरच मोजावी लागली. लिस्पमध्ये फंक्शनच्या आतल्या मुक्त नावांचा अर्थ शोधला जाई, तो फंक्शन जिथे चालवलं तिथे. जिथे लिहिलं तिथे नाही. एका जागी लिहिलेलं फंक्शन दुसरीकडे पाठवलं आणि तिथे योगायोगाने त्याच नावाचं काही असलं, की फंक्शन भलतीच किंमत उचलायचं. मॅकार्थी यांना आधी ही साधी चूक वाटली, पण दुखणं खोल होतं. चर्च यांनी घालून दिलेलं नावं बांधण्याचं पथ्य मोडलं गेलं होतं.

उपाय १९६४ साली ब्रिटनच्या पीटर लँडिन यांनी स्पष्ट मांडला. फंक्शन एकटं पाठवायचंच नाही. त्याच्यासोबत, ते जिथे जन्मलं तिथल्या नावांची आणि किमतींची पोतडी बांधून द्यायची. या जोडीला त्यांनी क्लोजर असं नाव दिलं. मुक्त नावं आता मोकाट राहिली नाहीत, ती आपल्या घराला बांधली गेली. कार्टच्या बटणामागचं निनावी फंक्शन कोणाचा आकडा वाढवायचा हे लक्षात ठेवतं, ते या पोतडीमुळेच.

‘मी’ म्हणजे कोण?

याच दशकात नॉर्वेतल्या ऑस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर वेगळ्या वाटेने चालले होते. त्यांच्या ‘सिम्युला ६७’ या भाषेत क्लास आणि ऑब्जेक्ट आले. ऑब्जेक्ट म्हणजे माहिती आणि तिच्यावर काम करणारी फंक्शन एकाच घरात. अशा फंक्शनला आपल्या ऑब्जेक्टचा उल्लेख करण्यासाठी ‘मी’ या अर्थाचा एक शब्द लागतो. आजच्या अनेक भाषांत तो शब्द आहे ‘धिस’.

१९७५ साली एमआयटीतच जेराल्ड सस्मन आणि गाय स्टील यांनी ‘स्कीम’ ही भाषा बनवली. निरोप घेऊन काम करणारे, ऑब्जेक्टसारखे घटक आणि लॅम्डाची क्लोजर या दोन्ही गोष्टी त्यांनी शेजारी शेजारी उभ्या केल्या, आणि त्यांच्या ध्यानात आलं की दोन्हींचा कोड एकच आहे. सोबत माहिती बाळगणारं फंक्शन आणि सोबत फंक्शन बाळगणारी माहिती, फरक फक्त कुठून बघता याचा.

पण सगळ्या भाषांनी हा धडा गिरवला नाही. जावास्क्रिप्टमध्ये साध्या फंक्शनमधली इतर नावं जन्मस्थानाला बांधलेली असतात, ‘धिस’ मात्र सुटा. फंक्शन कोण चालवतंय त्यानुसार त्याचा अर्थ बदलतो. कार्टचं फंक्शन बटणाच्या हवाली केलं की ‘धिस’ म्हणजे कार्ट नाही, बटण! मग आकडा वाढवायचा कसा? बटणाकडे तो आकडा असतच नाही.

यावर प्रोग्रामर वर्षानुवर्षं एक जुगाड करत. ‘धिस’ची किंमत आधीच दुसऱ्या साध्या नावात ठेवायची आणि निनावी फंक्शनने ते नाव वापरायचं, कारण ते नाव क्लोजरमध्ये पक्कं बांधलं जातं. २००९ मध्ये जावास्क्रिप्टच्या प्रमाण आवृत्तीत ‘बाइंड’ आलं. शब्दाचा अर्थच बांधणं. २०१५ मध्ये बाणाच्या खुणेची फंक्शन आली, त्यांत ‘धिस’ही इतर नावांसारखाच जन्मस्थानाला बांधलेला राहतो.

पीएचपीमध्येही तेच घडलं. निनावी फंक्शन २००९ साली आली, पण क्लासच्या आत लिहिली तरी त्यांना ‘धिस’ मिळत नव्हता. २०१२ च्या ५.४ या आवृत्तीत तो मिळाला आणि सोबत बांधणी बदलायची सोयही आली. तिथे दोन गोष्टी वेगवेगळ्या ठरवता येतात. एक, ‘धिस’ म्हणजे कोणता ऑब्जेक्ट. दोन, फंक्शन कोणत्या क्लासच्या हद्दीत आहे असं मानायचं. पहिल्याने ‘मी कोण’ हे ठरतं. दुसऱ्याने ‘कोणत्या घराच्या आतल्या खोलीत मला जाता येईल’ हे ठरतं, म्हणजे क्लासचे खासगी भाग वापरायची परवानगी. ऑब्जेक्ट बरोबर बांधला पण हद्द चुकली, तर माणूस ओळखीचा असूनही आतल्या खोलीला कुलूपच. नवशिके इथेच हमखास अडतात.

ऑब्जेक्ट आणि क्लास हे काही चर्च यांचं काम नाही. पण प्रत्येक वेळी प्रश्न त्यांचाच निघाला : हे नाव कुठे बांधलंय? आणि सुटं सोडलेलं नाव प्रत्येक वेळी शेवटी बांधावंच लागलं.

शेवटची वर्षं

१९६७ साली, चौसष्टाव्या वर्षी, चर्च प्रिन्स्टन सोडून लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले आणि तिथे १९९० पर्यंत, म्हणजे वयाच्या सत्त्याऐंशीपर्यंत शिकवत राहिले. दरम्यान १९६९ साली डेना स्कॉट यांनी लॅम्डा कॅल्क्युलसचं पहिलं गणिती प्रतिरूप शोधलं. फंक्शन स्वतःलाच देता येणं म्हणजे गणिताच्या दृष्टीने नेमकं काय, हे कोडं तीन दशकांहून जास्त काळाने सुटलं, तेही चर्च यांच्याच विद्यार्थ्याच्या हातून.

११ ऑगस्ट १९९५ रोजी ओहायोमधल्या हडसन इथे, वयाच्या ब्याण्णव्या वर्षी चर्च यांचं निधन झालं. प्रिन्स्टनमध्येच त्यांचं दफन झालं. त्यानंतर चारच महिन्यांनी, डिसेंबर १९९५ मध्ये, जावास्क्रिप्टची घोषणा झाली. ही भाषा पुढे जगभरातल्या ब्राउझरमध्ये पोहोचली. २०११ साली सी प्लस प्लसमध्ये आणि २०१४ साली जावामध्येही निनावी फंक्शन आली, आणि तिथेही त्यांना लॅम्डाच म्हणतात.

सगळ्या गणिताचा पाया घालायला निघालेल्या चर्च यांच्या हाती शेवटी उरली ती नावं बांधायची एक लहानशी रीत. आज कुठल्याशा वेबसाईटवर बटण दाबल्यावर आकडा बरोबर वाढतो, तेव्हा एक निनावी फंक्शन त्याच रीतीने आपलं घर ओळखत असतं.